चौथ्या उद्गाराची दहा मिनिटं

झावळ्यांच्या रविवारची उपासना संपली की कृपामावशी चर्चच्या दारात उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्यांपैकी सात जणांच्या हातावर एकेक चिठ्ठी ठेवायच्या. वधस्तंभावरून प्रभूनं काढलेले सात उद्गार. पाच दिवसांनी येणाऱ्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन, चिठ्ठीवाल्यानं आपापल्या उद्गारावर दहा दहा मिनिटं बोलायचं. मधल्या वेळात गाणी आणि प्रार्थना. शहरातल्या चर्चना यासाठी सात पाळक मिळतात. ढोकीच्या अलीकडं, उसाच्या रानात बुडालेल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं अठरा आणि पाळक चार गावांत मिळून एक. मग मावशींनी स्वतःची रीत घातली. माणूस बघायचा आणि उद्गार द्यायचा.

उद्गारांची नावंही त्यांनीच पाडलेली. क्षमेचा, चोराचा, आईचा, टाकल्याचा, तहानेचा, संपल्याचा आणि सोपवल्याचा. एका दुष्काळी वर्षी त्यांनी शेजारच्या सिंधूला तहानेचा दिला. सिंधू घाबरली.

"मावशी, मला काय बोलाया येतंय?"

"काल टँकरच्या रांगंत किती येळ हुतीस?"

"चार घंटे."

"मंग त्येच सांग. दहा मिन्टात बसतंय का बघ."

सिंधू बोलली. घागर, ऊन, पुढं घुसणारी बाई, आणि नंबर आला तेव्हा संपलेलं पाणी. शेवटी तिला प्रभूचं नाव घ्यायचं सुचलंच नाही. तरी त्या दुपारी आम्हां सगळ्यांच्या घशाला कोरड पडली.

पुण्याकडून नवे पाळक आले, त्यांना मावशींनी पहिल्याच वर्षी चोराचा दिला. ते हसले. म्हणाले, "बाई, मला चोराचा?"

"व्हय साहेब. प्रभूशेजारी टांगलेला चोर स्वर्गात सगळ्यात आधी गेला. पाळकांचा नंबर लई मागं लागतोय, म्हणून म्हणलं जरा वळख करून घ्या."

मावशी बायबलबाई होत्या. म्हणजे मिशननं नेमलेली, घरोघर जाऊन वचन वाचून दाखवणारी बाई. पुढं मिशन आटोपलं, पगार थांबला. पण काम थांबवा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या करत राहिल्या. डावा पाय जरा ओढत चालायच्या. काखेत बारा महिने छत्री. ती उघडलेली मी पाहिली नाही. ती कुत्र्यांसाठी होती. कुणाच्याही ओट्यावर बसल्या की आधी समोरचं काम हातात घ्यायच्या, शेंगा फोडायच्या, नाहीतर लेकराच्या उवा काढायच्या, आणि मग वाचायच्या. बायका त्यांच्या देवाच्या होत्या असं नाही. बौद्ध आळीत बसायच्या, मराठ्यांच्या वाडीवस्तीवर बसायच्या. गावातल्या निम्म्या बायकांना सही त्यांनी शिकवली. कुणी अंगठा उठवताना दिसलं की चिडायच्या. "आईबापानं नाव दिलंय, त्येला शाई फासतीस व्हय?"

आमचा पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, चांदण्यावर चालतो. मावशींना कॅलेंडर लागत नसे. होळीची पुनव धरायची की चैत्राची, एवढंच त्या पाळकांना विचारून घ्यायच्या, बाकी आभाळाकडं बघून ठरवायच्या. चैत्राची असली की येरमाळ्याला येडाईची यात्रा, जिथं देवीची पालखी आमराईत मुक्कामाला जाते, आणि आमचा सण एकाच हप्त्यात यायचे. एसटीला पाय ठेवायला जागा नसायची. एकदा पाळक त्या गर्दीत येडशीच्या फाट्यावर अडकले, आणि मावशींनी त्यांच्यावाचून उपासना सुरू केली. म्हणाल्या, "प्रभूच्या कबरंवरला दगूड लोटायलाबी कुणाची वाट बघितली न्हवती." यात्रेहून परतणाऱ्या बायका त्यांना रस्त्यात गाठून चेष्टा करायच्या, "मावशे, उठला का गं तुमचा देव?" मावशी म्हणायच्या, "उठला की पहाटंच. तुमची येडाई आमराईतनं आली का माघारी?"

दुसऱ्यांच्या रीतींचा त्यांना भारी सोस होता. ढोकीच्या दवाखान्यात केरळची एक नर्स होती, लिसी सिस्टर. तिच्याकडं पवित्र गुरुवारी घरचा कर्ता माणूस बिनखमिराची भाकर मोडतो, तिच्यावर झावळीचा क्रूस ठेवलेला असतो, आणि शुक्रवारी उपासना सुटल्यावर सगळे कारल्याचा रस पितात, हे मावशींनी तिच्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं. पुढच्या शुक्रवारी तीन वाजता आम्ही बाहेर आलो तर मावशी पातेलं घेऊन उभ्या. एका वाटीनं सगळ्यांना पाजलं. तोंड वाकडं करणाऱ्याला म्हणाल्या, "पाडव्याला लिंबाचा पाला खातुस न्हवं? मंग ह्यानं काय मरतुस? कडू कुणाला चुकलंय."

पाळकांनी एका वर्षी पुण्याहून रंगवलेली उकडलेली अंडी आणली. सातासमुद्रापलीकडं म्हणे सणाच्या सकाळी ती गवतात लपवतात आणि लेकरं शोधतात. मावशींनी एक अंडं उलटंपालटं करून बघितलं. "आपल्या हितं उसात लपवली तर मुंगूस न्हील," म्हणाल्या, आणि अंडी सोलून, पदराचा दोरा काढून एकेका अंड्याच्या चार चार फोडी करून वाटून टाकल्या.

आणि त्या खोटं बोलत नसत. हे मी गुण म्हणून सांगत नाही. कधीकधी तो त्रास होता. त्यांच्या सख्ख्या भावाच्या मुलाला बघायला पाहुणे आले होते. पाहुण्यांनी सहज विचारलं, मुलगा कसा आहे. मावशी म्हणाल्या, "चांगला हाय. कामाला वाघ हाय. पितो. ऐतवार सोडून." सोयरीक मोडली. भाऊ त्यानंतर त्यांच्याशी बोलला नाही. मावशी सणाला त्याच्या घरी डबा पाठवत राहिल्या आणि तो डबा रिकामा होऊन, न धुता, परत येत राहिला.

अशा बाईला मी खोटं बोलायला लावलं. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

माझे आजोबा ख्रिस्ती झाले, पण कागद बदलले नाहीत. शाळेच्या दाखल्यावर आम्ही हिंदू मातंगच राहिलो. आमच्याकडं अशी घरं पुष्कळ. मातंग माणूस ख्रिस्ती झाला की कायद्यानं त्याची राखीव जागेची सवलत जाते. माणसाची परिस्थिती मात्र तीच राहते. मी त्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक लागलो. काही वर्षांनी जात पडताळणी आली. दक्षता पथकाचे साहेब गावात येऊन चौकशी करणार, चर्चमध्येही विचारणार, असं कळलं. तेव्हा माझं वय तेहतीस, धाकटी मुलगी पाळण्यात होती.

मी मावशींकडं गेलो. त्या ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. मी म्हणालो, "मावशी, साहेब विचारतील. तुम्ही एवढंच सांगा की आमचं घर तुमच्या मंडळीत नाही."

सूप थांबलं नाही. "मंग तुझा बाप कोण हुता?"

माझे वडील सनई वाजवायचे. सणाच्या पहाटे प्रभातफेरीत सगळ्यांच्या पुढं ते असायचे, आणि त्यांची सनई ऐकूनच गाव म्हणायचं की ख्रिस्ती लोकांचा देव उठला. उत्तम शुक्रवारी चौथा उद्गार, टाकल्याचा, 'माझ्या देवा, तू मला का टाकलंस' हा, मावशी दरवर्षी त्यांनाच द्यायच्या. ते वारल्यावर तो माझ्याकडं आला होता.

"गावानं बघितलंय त्येला," मावशी म्हणाल्या. "सनई घिऊन म्होरं चालायचा त्यो कोण म्हणून सांगू?"

या प्रश्नाचं उत्तर मी घरूनच तयार करून नेलं होतं. मी म्हणालो, "वाजवायला यायचे म्हणा. भाड्यानं."

"भाड्यानं," मावशी म्हणाल्या. नुसता तो शब्द. मग त्या सुपातले खडे वेचू लागल्या. "तुला लेकरं किती?"

"दोन."

"बरं."

साहेब आले त्या दिवशी मी गावात नव्हतो. पुढचं मला सिंधूनं सांगितलं. माणूस सभ्य होता. मावशींनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. त्यांनी विचारलं. मावशींनी सांगितलं की ते घर आमच्या मंडळीतलं नाही, त्यांचा बाप सणाला भाड्यानं वाजवायला यायचा. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी पुढं केला. मावशी म्हणाल्या, "सही न्हाय येत मला." आणि अंगठा पुढं केला. त्या खोट्याखाली त्यांना आपलं नाव घालायचं नव्हतं. म्हणून आणखी एक खोटं बोलल्या. सिंधू म्हणाली, "त्या रोजी मावशी कुणाच्या वट्ट्यावर गेल्या न्हाईत. घासणीनं अंगठा घासत बसल्या हुत्या."

माझं प्रमाणपत्र वैध ठरलं. मी बदली मागून घेतली आणि तुळजापूर तालुक्यात जळकोटला गेलो. गावापासून दूर. लोकांना सांगितलं, जपून राहावं लागतं, चर्चमध्ये दिसणं बरं नाही. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे मला मावशींच्या समोर जायचं नव्हतं.

त्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मावशींनी सहाच चिठ्ठ्या वाटल्या. शुक्रवारी तिसरा उद्गार झाला, गाणं झालं, आणि मावशी उठून म्हणाल्या, "चौथा गुर्जींचा हाय." गुर्जी म्हणजे मी. मग त्या बसल्या. मंडळी दहा मिनिटं गप्प बसून राहिली. नंतर पाचवा सुरू झाला. पुढच्या वर्षी तसंच. पाळक बदलले, नव्या पाळकांनी सुचवलं की तो उद्गार ते स्वतः घेतील, जागा रिकामी ठेवणं बरं दिसत नाही. मावशी म्हणाल्या, "रिकामी कुठं हाय? ज्याची त्याला दिलीय. त्यो गप हाय, म्हणून आपुन गप ऱ्हायचं."

हे मला दरवर्षी सिंधूच्या फोनवरून कळायचं. जळकोटच्या शाळेत त्या दिवशी सुट्टी असायची. दुपारी एक-सव्वाच्या सुमारास मी घरात काहीतरी काम काढायचो. कूलरची जाळी धुवायचो, नाहीतर माळ्यावरची पोती खाली घ्यायचो. बायको म्हणायची, "आजच कसं सुचतं तुम्हाला?" एकोणीस वर्षं माझी जाळी त्याच दिवशी धुतली गेली.

गेल्या वर्षी मुलाच्या नोकरीचे पेढे द्यायला मी ढोकीला नातेवाइकांकडं गेलो, तिथं सिंधू भेटली. बोलता बोलता म्हणाली, "मावशी थकल्या आता. भाकर मात्र अजून त्याच करत्यात."

आमच्याकडं प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे उपासनेत प्रभूच्या आठवणीनं सगळे मिळून खातात ती, विकत आणत नाहीत. मावशी आदल्या दिवशी गव्हाची बिनखमिराची पोळी लाटून भाजतात आणि मनुका उकळून द्राक्षरस करतात. हे सगळं मला माहीत होतं. मी म्हणालो, "सणाला त्यांच्या हातची भाकर खाऊन किती वर्षं झाली."

सिंधू म्हणाली, "त्या स्वतः कुठं खात्यात?"

मला कळलं नाही.

"तुमाला ठावं न्हाय? त्यो साहेब येऊन गेला, तवापासनं घेत न्हाईत. ताट आलं की म्होरल्याकडं देत्यात. पाळकांनी समजावलं, रागावलेबी. म्हणल्या, माझं चुकतंय ते मला ठावं हाय, मिटलं की घीन."

पाप मिटवल्याशिवाय ती भाकर घेऊ नये, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि सणाला. एकोणीस वर्षं. स्वतःच्या हातानं भाजायची आणि पुढं द्यायची. मी हातातला पेढ्यांचा पुडा उघडला आणि पुन्हा बांधला. सिंधू म्हणाली, "गुर्जी, ऊन लागलं काय?"

त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी मी गावात गेलो. चर्च होतं तसंच, पत्रे फक्त नवे. माणसं वीसेक. मावशी पुढच्या बाकावर होत्या, इतक्या लहान झालेल्या की मागून नुसता पदर दिसत होता. मी शेवटच्या बाकावर बसलो. तिसरा उद्गार एका पोरीनं केला, चांगला केला. गाणं झालं. मावशी उठल्या, बाकाला धरून म्हणाल्या, "चौथा गुर्जींचा हाय," आणि बसल्या. मी आलोय हे त्यांना माहीत नव्हतं.

सगळे गप्प झाले. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज कारखान्याच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिला. मी उभा राहिलो. तयारी करून आलो होतो, वह्या भरल्या होत्या. त्यातलं काहीच आलं नाही. मी एवढंच म्हणालो की माझे वडील भाड्यानं वाजवत नव्हते. ते या मंडळीचे होते. मावशींना खोटं बोलायला मी लावलं, ते शब्दही माझेच होते. आणि प्रभूला बापानं टाकलं की नाही मला माहीत नाही, मी माझ्या बापाला टाकलं. मग मी बसलो.

कुणी वळून बघितलं नाही. राहिलेली आठ मिनिटं मंडळी तशीच गप्प बसली, आणि पाचवा सुरू झाला.

तीन वाजता बाहेर आलो. कारल्याचा रस देता देता सिंधू हळूच म्हणाली, "गुर्जी, आमाला ठावं हुतं की. माझ्या दोनी पोरांचे कागद तसलेच हाईत. हितं कुणाचे न्हाईत?"

मावशी लिंबाखाली बसल्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "पोट सुटलं तुझं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एवढी सालं दहा मिन्टं धरून ठिवली तुझ्यापायी. दोन मिन्टात उरकलंस?"

"मावशी, आता रविवारी भाकर घ्या."

"कशी घिऊ?"

"मी सांगितलं ना सगळ्यांना."

"तू मंडळीला सांगितलंस. मंडळीपशी म्या कवा खोटं बोलले? ज्याला बोलले त्यो बाबा निराळाच. त्येनं इस्वासानं लिहून घेतलंय. तिथं जाऊन सांगितल्याबिगर कसं मिटतंय?"

त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. धाराशिवच्या कचेरीपर्यंत एसटीनं तासाचा रस्ता. त्या कधीही जाऊन सांगू शकत होत्या, आणि सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्या गेल्या नाहीत. भाकर सोडली.

मी विचारलं, "मी जाऊन सांगू का तिथं?"

विचारतानाच मी मनात म्हणत होतो, नको म्हणा. मी शिक्षक आहे. तोंडानं एक आणि मनात एक असलेलं पोर मला लगेच ओळखू येतं. मावशींनाही आलं.

"तुझी बारकी आता काय करतीय?"

"बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे."

"मंग कशाला इचारतुस," त्या म्हणाल्या. रागानं नाही, दमून. "जा. जेवून घे कुठंतरी."

मावशी त्याच भाद्रपदात गेल्या. मी अजून नोकरीत आहे. कचेरीत मी गेलो नाही. मुलीचं शिक्षण झालं की जाईन असं म्हणत होतो, आता तिचं लग्न झालं की म्हणतो. सणाआधीचा उपासकाळ पुन्हा जवळ आला आहे, आणि चिठ्ठ्या यंदा कोण वाटणार हे सिंधूलाही माहीत नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी, सणाच्या सकाळी. प्रभातफेरीला सनई नव्हती, एका पोराच्या खांद्यावर स्पीकर होता. मावशींना चालवत नव्हतं, त्या आधीच चर्चमध्ये येऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाकावर शेजारी हात आपटला, म्हणजे इथं बस. मी बसलो. त्यांच्या अंगाला भाजलेल्या गव्हाचा वास येत होता. पाळकांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, आणि ताट रांगेनं निघालं. आमच्याकडं ताट हातोहात फिरतं. पलीकडच्या बाईनं तुकडा घेऊन ते मावशींच्या हातात दिलं. मावशींनी दोन्ही हातांनी धरलं. क्षणभर त्या त्यात बघत राहिल्या, कडा नीट भाजल्यात की नाही असं बघतात तशा. मग त्यांनी ताट माझ्याकडं वळवलं.

मी हात पुढं केला नाही. मला वाटलं, एवढं तरी मी करू शकतो. त्या घेत नाहीत तर मीही नाही.

मावशींच्या हातांतलं ताट कलंडू लागलं. ताटातले तुकडे सरकत एका बाजूला गोळा झाले. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

"घे की रं," मावशी हळूच म्हणाल्या. "हात अवघडलं माझं."

मी घेतली.